बर्लिंगबाईंची समिती

वर्धापनदिन आला की कोणतीही संस्था वर्षभराचा हिशेब मांडते. कार्यक्रम किती झाले, निधी किती जमला, गरजूंना मदत किती दिली, हे सारे अहवालात येते. मदत मागायला आलेल्या कोणाकोणाला आपण परत पाठविले, आणि ते कोणत्या कारणाने, याचा तक्ता मात्र सहसा कोणत्याही अहवालात नसतो. असा तक्ता एका इंग्रजी नाटककाराने रंगभूमीवर मांडला आहे, आणि त्यातील सर्वांत जड रकाना एका महिला समितीच्या नावावर आहे. म्हणून आपल्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

नाटकाचे नाव ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’, आणि लेखक जे. बी. प्रीस्टली. प्रीस्टलींचा जन्म १८९४ साली ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी झाला. कॉलेजात जाण्याऐवजी ते एका लोकरीच्या पेढीत कारकून म्हणून लागले, आणि १९१४ साली महायुद्ध सुरू होताच सैन्यात दाखल झाले. गिरणीमालकांची जेवणाची टेबले आणि गिरणीकामगारांच्या गल्ल्या त्यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, त्यांची रेडिओवरील रविवारची भाषणे इंग्लंडात घरोघरी ऐकली जात. हे नाटक त्यांनी युद्धाच्या अखेरच्या दिवसांत लिहिले. त्या वेळी लंडनमध्ये नाट्यगृह मिळेना, म्हणून पहिले प्रयोग १९४५ साली रशियात झाले. लंडनचा प्रयोग १९४६ च्या ऑक्टोबरात झाला आणि त्यात इन्स्पेक्टरची भूमिका राल्फ रिचर्डसन यांनी केली.

लिहिले १९४५ च्या सुमारास, पण नाटकातला काळ मात्र १९१२ चा आहे. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. नाटकाचे मर्म या तेहतीस वर्षांच्या अंतरातच आहे.

इंग्लंडच्या मध्यभागातील ब्रम्ली या कल्पित कारखानदारी शहरात आर्थर बर्लिंग हे धनिक कारखानदार राहतात. पूर्वी ते शहराचे मेयर होते, आता मॅजिस्ट्रेट आहेत, आणि लवकरच ‘सर’ ही पदवी मिळेल अशा आशेवर आहेत. त्यांची पत्नी सिबिल त्यांच्याहून वरच्या घराण्यातली. मुलगी शीला आणि मुलगा एरिक, दोघेही विशीतले. त्या रात्री शीलाचा वाङ्‌निश्चय जेराल्ड क्रॉफ्ट या आणखी मोठ्या कारखानदाराच्या मुलाशी झालेला असून घरात मेजवानी चालू आहे. बर्लिंगसाहेब मुलांना उपदेश करीत आहेत. युद्धाची भीती बाळगू नका, पुढच्या आठवड्यात टायटॅनिक बोट निघेल ती बुडणेच शक्य नाही, माणसाने आपले आणि आपल्या घरच्यांचे पाहावे म्हणजे झाले. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ रोजी निघाली आणि १५ तारखेला पहाटे बुडाली. दीड हजारांवर माणसे गेली. दोन वर्षांत महायुद्ध पेटले. प्रेक्षकांना हे सारे ठाऊक असते, म्हणून बर्लिंगसाहेबांच्या आत्मविश्वासाचे त्यांना हसू येते आणि भयही वाटते.

एवढ्यात दार वाजते आणि गूल नावाचे पोलीस इन्स्पेक्टर आत येतात. ईव्हा स्मिथ नावाच्या एका तरुण मुलीने विषारी जंतुनाशक द्रव पिऊन जीव दिला, दोन तासांपूर्वी ती इस्पितळात वारली, एवढेच ते सांगतात. मग एकेकाला छायाचित्र दाखवून प्रश्न विचारू लागतात, आणि घरातल्या प्रत्येकाचा त्या मुलीशी कधी ना कधी संबंध आलेला होता असे उघड होते.

पहिला संबंध बर्लिंगसाहेबांचा. ईव्हा त्यांच्याच कारखान्यात कामाला होती. १९१० च्या सप्टेंबरअखेर तेथील मुलींनी आठवड्याला साडेबावीस शिलिंगांऐवजी पंचवीस शिलिंग मजुरी मागितली. मालकांनी नकार दिला. संप झाला आणि आठपंधरा दिवसांत मोडला. पुढाकार घेणाऱ्या चारपाच जणींना कामावरून काढले, त्यांत ईव्हा होती.

दुसरा संबंध शीलाचा. दोन महिने बेकार राहिल्यावर ईव्हाला मिलवर्ड्‌स या कापडाच्या मोठ्या दुकानात जागा मिळाली. तिथे शीलाने एक पोषाख अंगावर घालून पाहिला. तो तिला शोभेना, ईव्हाला मात्र तो शोभला असता. आरशात शीलाला ईव्हा हसल्यासारखी दिसली. या मुलीला काढले नाही तर आमच्या घरचे खाते बंद होईल, अशी धमकी शीलाने दुकानाला दिली, आणि ईव्हाची नोकरी गेली. तिसरा संबंध जेराल्डचा. त्याने तिला काही महिने एका मित्राच्या जागेत ठेवले आणि मग सोडून दिले. चौथा एरिकचा. दारूच्या नशेत तो तिच्याकडे गेला, तिला दिवस गेले, आणि तिला देण्यासाठी त्याने बापाच्या कचेरीतून पन्नास पौंड चोरले. पैसे चोरीचे आहेत असे कळताच तिने घेणे थांबविले.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या वेळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. ईव्हाने मागितलेली वाढ आठवड्याला अडीच शिलिंगांची. मुलाने चोरलेले पन्नास पौंड म्हणजे हजार शिलिंग. तेवढ्या रकमेत तिची वाढीव मजुरी चारशे आठवडे, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ देता आली असती. बापाने हिशेबाच्या नावाखाली जे वाचविले ते मुलाने उधळले, आणि दोन्ही वेळा किंमत त्याच मुलीने मोजली.

मजुरीचा हा प्रसंग कल्पित असला तरी काळ अगदी खरा आहे. नेमके त्याच महिन्यांत, १९१० च्या शरदात, बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथ येथे घराच्या परसात भट्ट्या लावून साखळ्या घडविणाऱ्या स्त्रियांनी लढा दिला होता. १९०९ च्या कायद्याने त्यांना तासाला अडीच पेन्स किमान मजुरी ठरवून दिली होती, आणि मालक ती देण्याचे टाळीत होते. मेरी मॅकार्थर या कामगार पुढारी बाईंच्या नेतृत्वाखाली त्या सुमारे दहा आठवडे ठाम राहिल्या आणि जिंकल्या. चोपन्न तासांचा आठवडा धरला तर त्यांची ही जिंकलेली मजुरी सव्वाअकरा शिलिंग होते, म्हणजे ईव्हाला मिळत होते त्याच्या बरोबर निम्मी. तेव्हा ईव्हा काही सर्वांत कमी पगाराची कामकरीण नव्हती. मग क्रॅडली हीथच्या बायका तरल्या आणि ती बुडाली ती का? त्यांच्यामागे कायदा होता, संघटना होती आणि लोकांनी दिलेला निधी होता. ईव्हा एकटी होती. आईबाप नाहीत, सांगायला घर नाही. एकट्या माणसाला शेवटी एकच दार उरते, ते धर्मादायाचे. त्या दारात बर्लिंगबाई बसल्या होत्या.

बर्लिंगबाई ब्रम्लीच्या महिला धर्मादाय संस्थेच्या वजनदार सभासद. संकटातल्या स्त्रियांना मदत करणे हाच संस्थेचा उद्देश. दोन आठवड्यांपूर्वी अर्जदारांना बोलावून विचारपूस करणाऱ्या समितीची सभा झाली, बर्लिंगबाई अध्यक्षस्थानी होत्या, आणि ईव्हा समोर उभी राहिली. तिने आपले नाव मिसेस बर्लिंग असे सांगितले. बाईंचा पारा तिथेच चढला. नवरा टाकून गेला, असे ती आधी म्हणाली. खोदून विचारल्यावर लग्न झालेले नाही हे कबूल केले. मुलाच्या बापाकडे का जात नाहीस, असे विचारल्यावर तिने सांगितले की तो पोरसवदा आहे, पितो, आणि त्याने देऊ केलेले पैसे चोरीचे असावेत, म्हणून मी ते घेत नाही. बाईंना ही थाप वाटली. असल्या मुलीला कसली आली नीती! त्यांनी आपले वजन खर्च करून अर्ज नामंजूर करविला आणि मुलाच्या बापाला शोध, जबाबदारी त्याची आहे, असे सांगून तिला वाटेला लावले.

इन्स्पेक्टर विचारतात तेव्हाही बाई डगमगत नाहीत. माझे काही चुकले नाही, त्या बेजबाबदार तरुणाला मात्र चांगली अद्दल घडली पाहिजे, असे त्या ठासून सांगतात. शीला आईला थांबविण्याचा प्रयत्न करते, कारण तिला उमगलेले असते. तो तरुण म्हणजे बाईंचाच मुलगा एरिक. आईने नाकारलेले मूल तिचेच नातवंड होते.

आता नीट विचार केला तर बर्लिंगबाईंनी कोणता गुन्हा केला? कायद्याने कोणताच नाही. पैसा संस्थेचा होता, द्यावा की न द्यावा हा समितीचा अधिकार होता, आणि अर्जदाराने नाव खोटे सांगितले होते हेही खरे. नाटकातील बाकीच्यांपैकी कोणी लोभाने, कोणी मत्सराने, कोणी वासनेने वागले. बाई एकट्याच अशा की ज्या आपल्या नीतिमत्तेमुळे तसे वागल्या. त्यांची खरी चूक अशी की समितीपुढे ‘हिला कशाची गरज आहे?’ हा प्रश्न असताना त्यांनी ‘ही कोण लागून गेली?’ हा प्रश्न विचारला. शिवाय आपले नाव घेतल्याचा राग त्यांनी घरी ठेवून यायला हवा होता, तो त्या खुर्चीवर घेऊन बसल्या. आणि सर्वांत वाईट म्हणजे, त्या मुलीने उच्चारलेले सर्वांत सच्चे वाक्य, चोरीचा पैसा नको हे, त्यांना सर्वांत खोटे वाटले. गरिबाला गरज असते हे त्यांना मान्य होते, गरिबाला अब्रूही असते हे मान्य नव्हते.

ही समिती प्रीस्टलींनी हवेतून आणलेली नाही. १८६९ साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी नावाची संस्था स्थापन झाली, आणि ब्रम्लीच्या संस्थेचे नाव त्या नावाशी जुळते आहे. शहरात अनेक धर्मादाय संस्था आहेत, एकच माणूस चार ठिकाणी मदत घेतो, आणि आयत्या पैशाने माणूस आळशी बनतो, अशी तिच्या चालकांची धारणा होती. म्हणून प्रत्येक अर्जाची कसून चौकशी करायची, घरी भेट द्यायची, शेजाऱ्यांना विचारायचे, आणि ‘पात्र’ गरीब व ‘अपात्र’ गरीब असे दोन भाग पाडायचे, ही पद्धत तिने रूढ केली. न्यायाने बोलायचे तर या संस्थेने कामाला शिस्त आणली, कागदपत्र ठेवायला शिकविले, आणि आजच्या समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया घालण्यात तिचा मोठा वाटा आहे. शेकडो सुशिक्षित स्त्रिया या कामामुळे प्रथमच घराबाहेर पडल्या. दोष चौकशीत नव्हता. चौकशीत अर्जदाराचे शील तोलले जाई आणि तराजू नेहमी देणाऱ्याच्या हातात असे, दोष हा होता.

त्याच काळात इंग्लंडमध्ये या प्रश्नावर मोठा वादही झाला, आणि त्या वादात दोन्ही बाजूंना स्त्रिया होत्या हे आपण विसरू नये. गरिबांविषयीच्या कायद्याचा विचार करण्यासाठी १९०५ साली राजाज्ञेने एक आयोग नेमला गेला. त्यात चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीच्या विचारांच्या हेलन बोझांकेट होत्या, आणि बिअ‍ॅट्रिस वेबही होत्या. १९०९ साली आयोगाचे दोन वेगळे अहवाल निघाले. बहुमताच्या अहवालाने गरिबाच्या वैयक्तिक स्वभावावर आणि स्वयंसेवी संस्थांवर भर ठेवला. वेबबाईंच्या अल्पमताच्या अहवालाने म्हटले की गरिबी येते ती आजार, बेकारी, म्हातारपण यांतून, तेव्हा त्या त्या कारणावर सरकारनेच उपाय केले पाहिजेत आणि गरिबांचा जुना कायदा मोडीत काढला पाहिजे. त्या वेळी हे कोणी ऐकले नाही.

जुना कायदा कसा होता तेही सांगायला हवे. १८३४ च्या कायद्याने लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा भार जवळजवळ सर्वस्वी आईवर टाकला. पुढे १८४४ साली आईला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन बापाकडून पोटगी मागण्याची सोय झाली, आणि १८७२ च्या कायद्याने ती आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग ठरली. म्हणजे बापाला शोध असे बर्लिंगबाई म्हणाल्या तेव्हा त्या कायद्याचीच वाट दाखवीत होत्या. पण त्या वाटेच्या शेवटी मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कोण बसलेले असणार? बर्लिंगसाहेबांसारखेच कोणी. आणि कोर्टात जायचे नसेल तर उरत असे ते सरकारी अनाथालयवजा कामघर, ज्याची पायरी चढण्यापेक्षा माणसे उपाशी राहणे पत्करीत.

१९१२ नंतर मात्र पाऊल हळूहळू पुढे पडत गेले. १९११ च्या विमा कायद्यात बाळंतपणासाठी तीस शिलिंगांची तरतूद होती, तिचा लाभ १९१३ पासून मिळू लागला. १९१८ साली अविवाहित माता आणि त्यांची मुले यांच्यासाठी एक राष्ट्रीय संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी तीस वर्षांवरील बऱ्याच स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, आणि १९२८ साली तो पुरुषांच्या बरोबरीने झाला. १९४२ च्या डिसेंबरात, ऐन युद्धात, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल निघाला, तो विकत घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. एलिनॉर रॅथबोन या बाईंनी कित्येक वर्षे नेट लावल्यावर १९४५ साली कुटुंबभत्त्याचा कायदा झाला. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग, आणि तेही आईच्या हातात. हे पैसे १९४६ च्या ऑगस्टात मिळू लागले. दोनच महिन्यांनी लंडनच्या प्रेक्षकांनी हे नाटक पाहिले. अखेर ५ जुलै १९४८ पासून जुना गरिबांचा कायदा रद्द झाला. ज्या कामासाठी ईव्हाला हात जोडून उभे राहावे लागले होते, त्यातला बराच भाग आता हक्क म्हणून मिळणार होता.

म्हणूनच प्रीस्टलींनी १९१२ चे घर १९४५ च्या लोकांपुढे ठेवले. दोन युद्धांची किंमत मोजून आलेल्या प्रेक्षकांना ते विचारीत होते की आता पुन्हा त्याच घरात परत जायचे आहे काय?

नाटकाचा शेवट पाहा. इन्स्पेक्टर निघून जातात. जाताना एवढे बजावतात की ईव्हा गेली तरी तिच्यासारखे लक्षावधी स्त्रीपुरुष अजून जगात आहेत, आणि आपण सारे एकमेकांत गुंतलेले आहोत. नंतर जेराल्ड शोध लावतो की या नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच. इस्पितळात फोन केला तर तशी कोणी मुलगी आलेली नाही. आईबाप आणि जेराल्ड यांना हायसे वाटते, जणू काही घडलेच नाही. मजुरी नाकारली, नोकरी घालविली, अर्ज फेटाळला, हे तर सारे घडले होते. हे फक्त शीला आणि एरिक यांना कळते. बोभाटा टळला म्हणजे दोष टळला असे थोरांना वाटते, दोष आपल्या कृतीत आहे असे धाकट्यांना वाटते. इतक्यात फोन खणखणतो. एक मुलगी आत्ताच इस्पितळाच्या वाटेवर मरण पावली आहे आणि चौकशीसाठी एक पोलीस इन्स्पेक्टर येत आहे. पडदा पडतो.

बर्लिंगबाईंसारखी समिती हीच त्या काळची एकमेव रीत होती असे कोणी म्हणेल, तर आपल्याकडचे उदाहरण सांगता येईल. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी तेथील रीत होती. त्या घरात पापपुण्याची उलटतपासणी नव्हती. १८७४ साली आलेल्या काशीबाई या विधवेचे मूल तर त्या पतिपत्नींनी दत्तक घेतले, तोच त्यांचा यशवंत, आणि तो पुढे डॉक्टर झाला. बर्लिंगबाईंना समितीची खुर्ची लाभण्याच्या कितीतरी आधी पुण्यातल्या एका घराने हा प्रश्न सोडविला होता.

मैत्रिणींनो, आपले मंडळ लहान आहे. आपल्याजवळ बर्लिंगांचा पैसा नाही, आणि पैसा थोडा असला म्हणजे चौकशी करावीच लागते, कोणाला तरी नाहीही म्हणावे लागते. हे मान्य करूनही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ज्या सभासदाचा अर्जदाराशी राग वा नाते असेल तिने त्या दिवशी निर्णयातून बाजूला बसावे. नाही म्हणायचे तर त्याचे कारण वहीत स्पष्ट लिहावे, कारण जे कारण लिहिताना लाज वाटते ते कारण बहुधा खरे नसते. पोटाची वा औषधाची निकड असेल तर आधी थोडे द्यावे आणि चौकशी मागाहून करावी. आणि ज्या कामासाठी आज सरकारी योजना आहे, तिचा फॉर्म भरून देणे, कचेरीत सोबत जाणे, हीसुद्धा मदतच आहे. हक्क कागदावर आले तरी कचेरीच्या खिडकीपाशी एकटे उभे राहण्याचे भय अजून गेलेले नाही.

ईव्हाला समितीकडून फार मोठी रक्कम हवी होती असे नाटकात कोठे नाही. तिला काही दिवस तग धरायचा होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात दिलेल्या मदतीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा घालावा, अशी सूचना या लेखाच्या निमित्ताने करते. किती जणींना परत पाठविले, आणि त्यांपैकी किती जणींची आपण पुन्हा जाऊन विचारपूस केली, तो आकडा.